जंगलाच्या गेटवर माहिती केंद्र बांधायचंय? सोलरच्या आधी गेटचं रजिस्टर पाहा

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरहून तास-दीड तासावरच्या एका अभयारण्याच्या गेटजवळ पर्यटकांसाठी माहिती केंद्र बांधायचं आहे. ६०० चौरस मीटरचा प्लॅन तयार आहे, समोर दुमजली काचेची भिंत, आत सेंट्रल एसी, वर २५ किलोवॅट सोलर, आणि बोर्डावर 'नेट झिरो' (म्हणजे वर्षभरात वापरली तेवढी वीज स्वतःच बनवणारी इमारत) लिहायचं ठरलंय. विचारणारे भाऊ तरुण आर्किटेक्ट आहेत, त्यांना वीज कमी लागायला पाहिजे, कार्बन कमी पाहिजे आणि वरचे साहेबही खूश पाहिजेत. शेवटच्या गोष्टीवर माझ्याकडे इलाज नाही, बाकी दोनवर लिहितो. जरा लांबेल.

सोलरपासून सुरुवात करू नका भाऊ. सगळे तिथूनच करतात कारण पॅनल दिसतात, उद्घाटनाच्या फोटोत येतात. तुम्ही आधी गेटवर बसून रजिस्टर पाहा, कोणत्या महिन्यात किती गाड्या, किती वाजता आत गेल्या, किती वाजता बाहेर आल्या. पेंच घ्या नाहीतर ताडोबा, कोअरची म्हणजे गाभ्यातल्या जंगलाची सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, तुमच्या गेटचंही साधारण तसंच असणार. म्हणजे आपल्या इकडचा तो चिपचिप उकाडा, ज्यात पंखाही गरम हवा मारतो आणि कूलर लावला तर अंगाला जास्तच चिकचिक होते, त्या तीन महिन्यांत तुमची इमारत जवळपास रिकामी. गर्दी कधी? ऑक्टोबर ते जून. त्यातले नोव्हेंबर ते फेब्रुवारी मस्त थंडीचे, ऑक्टोबरला पंखा पुरतो, राहिले मार्च ते मधला जून, आणि ते दिवस कोरडे खणखणीत. कूलर जेव्हा हात टेकतो तेव्हा गेट बंद, आणि गेट चालू असतं तेव्हा कूलर जोरात चालतो. पुण्या-मुंबईच्या आर्किटेक्टला हे सुचत नाही कारण त्यांच्याकडे अशी जोडी जमतच नाही, आपल्याकडे फुकटात जमून आली आहे तर तिचा फायदा घ्या ना. जूनच्या शेवटच्या पंधरवड्यात थोडा त्रास होईल, तो होऊ द्या. पंधरा दिवसांसाठी सेंट्रल एसी बसवत नसतात.

रजिस्टरमधून दुसरी गोष्ट कळते ती वेळेची. सकाळची सफारी उजाडता-उजाडता आत जाते, नऊ-दहाच्या सुमारास परत येते, लोक नाश्त्याला रिसॉर्टवर पळतात. दुपारची अडीच-तीनला सुटते. म्हणजे केंद्रात खरी गर्दी पहाटे अर्धा तास, सफारीहून परत आल्यावर तासभर, आणि मग दुपारी दोन ते तीन. बारा ते दोनच्या मधे तिकीटवाला आणि दोन गाइड झोपा काढत असतात. त्यामुळे मे महिन्यातली दुपारची दोन ते तीनची वेळ हाच तुमचा डिझाइनचा तास, बाकी सगळं त्यामानाने सोपं.

आता हे डोक्यात ठेवून ६०० चौरस मीटर परत पाहा. माणूस सफारीला आलाय, त्याला जिप्सीत बसायची घाई आहे, पोरांना बाथरूमला न्यायचंय, ओळखपत्र दाखवायचंय, पाणी भरून घ्यायचंय. अर्धा तास तो बसला तर सावलीत, मोकळ्यावर बसेल. बंद खोली कशाला पाहिजे? एक प्रदर्शन आणि फिल्म दाखवायचा हॉल, १०० चौरस मीटर पुरे. एक छोटं ऑफिस ज्यात कॉम्प्युटर आणि सर्व्हर राहील. बाकी सगळी ओसरी. मी मांडून पाहिलं तर तुमची गरज साडेतीनशे चौरस मीटरमध्ये बसते, आणि त्यातले बंद फक्त १३०-१४०. कँटीन महिला बचत गटाकडे द्या, वेगळ्या मांडवाखाली, चुलीची-गॅसची उष्णता इमारतीत यायलाच नको. अडीचशे चौरस मीटर बांधकाम वाचलं, यातून जेवढा कार्बन वाचतो तेवढा तुमचे सगळे पॅनल मिळून कित्येक वर्षांत वाचवणार नाहीत. का, ते पुढे हिशोबात येतं.

ऊन समजून घ्या आधी. नागपूर २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरासं खाली. २६ मेच्या आसपास मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली जाते, आणि तेव्हाच नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू झालेला असतो. २१ जूनला तर सूर्य दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. डिसेंबरात मात्र मध्यान्हीला तो दक्षिणेला ४५ अंशांवर येतो. याचा अर्थ दक्षिणेच्या भिंतीला साधा छज्जा दिला की उन्हाळ्यात ऊन आत येत नाही आणि थंडीत येतं, पाहिजे तसंच. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा. खरा शत्रू पश्चिम, चार वाजताचं तिरपं ऊन कोणताच छज्जा अडवू शकत नाही, त्या बाजूला टॉयलेट, स्टोअर, इलेक्ट्रिक पॅनलची खोली आणि जाड दगडी भिंत टाका, खिडकी देऊच नका. तुमची काचेची भिंत प्लॅनमध्ये पश्चिमेला आहे, "कारण तिकडे जंगलाचा व्ह्यू आहे". भाऊ, मेमध्ये त्या काचेमागे उभं राहून व्ह्यू पाहणारा माणूस मला दाखवा. वर आणखी एक, काचेत झाडांचं प्रतिबिंब पडतं आणि पक्षी येऊन आदळतात. पक्षी पाहायला बांधलेल्या इमारतीच्या पायथ्याशी रोज सकाळी मेलेली मुनिया उचलायची वेळ येऊ नये. व्ह्यू पाहिजे तर ओसरी आहे ना, तिला काच लागत नाही.

पहाटेच्या लोकांसाठी पूर्वेला एक कट्टा ठेवा, उघडा. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी लोकांना माहीत नसते, २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश झालं होतं शहरात, जंगलात त्याहून गारठा. उघड्या जिप्सीतून परत आलेला माणूस कोवळं ऊन शोधतो, हीटर नाही.

आता गारव्याचं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ नोंदलं गेलंय, पण आपण ४५ धरून चालू. ४५ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के, अशा हवेचं वेट बल्ब तापमान, म्हणजे पाणी उडवून ती जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते, साधारण २४ येतं. चांगल्या जाड सेल्युलोज पॅडचा, ८० टक्के क्षमतेचा कूलर ती हवा २८-२९ वर आणतो. एसी नाही, गॅस नाही, नुसतं पाणी आणि पंखा. लोकांना किती पाहिजे? आपल्याच देशातल्या इमारतींचा अभ्यास करून केलेलं इमॅक नावाचं मॉडेल आहे, नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये घेतलंय. त्यात नैसर्गिक हवेच्या इमारतीसाठी सरळ सूत्र आहे, गेल्या महिनाभराच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. मेमध्ये आपली सरासरी ३५ च्या घरात असते, म्हणजे ३१.७ आलं, आणि वर-खाली सुमारे २.४ अंश चालतं. ३४ पर्यंत नव्वद टक्के लोक तक्रार करत नाहीत, त्यात पंख्याचा वारा असला तर आणखी बरं. २४ वर सेट केलेल्या खोलीतून ४५ च्या उन्हात उघड्या जिप्सीत बसवणं हे तर ऊन लागायला आमंत्रणच. आपल्या आज्या उन्हातून आल्यावर लगेच पाणीही पिऊ देत नव्हत्या, दम घे म्हणायच्या, तसंच या इमारतीने करायचं.

हॉलचं गणित करून दाखवतो. १०० चौरस मीटर, उंची ४ मीटर, म्हणजे ४०० घनमीटर हवा. तासाला २०-२५ वेळा हवा बदलायची तर ८ ते १० हजार घनमीटर तासाला. त्याला पॅड लागतो सव्वादोन-अडीच चौरस मीटर, आणि पंखा-पंप मिळून एक किलोवॅटच्या आसपास. हाच हॉल ८० माणसं बसवून एसीने गार करायचा तर दहा टनाच्या घरात मशीन जातं, म्हणजे दहा-बारा किलोवॅट. दहा पटीचा फरक आहे. फक्त एक गोष्ट कोणीच करत नाही, हवा बाहेर जायची वाट ठेवत नाहीत. कूलर ढकलतोय आणि हॉलची दारं-खिडक्या बंद, मग आतमध्ये ओल कोंडते, लोक म्हणतात कूलर बेकार आहे. पॅडच्या समोरच्या भिंतीला वर, छपराजवळ, पॅडच्या दीडपट तरी उघडी जाळी पाहिजे. फिल्म दाखवताना अंधार पाहिजे म्हणून कोणीतरी ती पुठ्ठ्याने बंद करतो, त्यामुळे जाळी आडव्या काळ्या पात्यांची करा की हवा जाईल, उजेड येणार नाही.

पॅडचं पाणी हा दुसरा दुखरा भाग. या हॉलला तासाला ७५-८० लिटर पाणी उडतं, सहा तास चाललं तर दिवसाला साडेचारशे-पाचशे लिटर, तीन महिन्यांचे ४५ हजार. बोअरचं जड पाणी वापरलं तर दोन महिन्यांत पॅडवर पांढरा क्षार बसतो, पॅड दगड होतो, हवा जात नाही. पावसाचं पाणी मऊ. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ३०० चौरस मीटर छपरावरून गळती-बिळती सोडून दोन लाख चाळीस हजार लिटर सहज मिळतं. त्यातलं ५० हजाराचं टाकं जमिनीखाली, झाकण पक्कं, आणि ते पाणी फक्त कूलरला. उरलेलं बोअरच्या बाजूला जिरवा. आठवड्यातून एकदा कूलरचा हौद पूर्ण रिकामा झाला पाहिजे, नाहीतर डेंग्यूचे डास तुम्हीच पाळताय.

ऑफिसची एक खोली आहे, तिथे दीड टनाचा पाच स्टार इन्व्हर्टर एसी लावा खुशाल, कॉम्प्युटरला आणि दिवसभर तिकीट फाडणाऱ्या पोरालाही त्याची गरज आहे. मी एसीचा दुश्मन नाही. बाकी पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी विजेच्या मोटरचे, २८-३५ वॅटचे, जुने ७५ वॅट खातात.

तुम्ही जमिनीखालून हवा खेळवायचं, अर्थ टनेलचं, विचारलंय. सेमिनारमध्ये छान वाटतं. चार मीटर खाली आपल्याकडे वर्षभर साधारण २७ अंश असतं, थिअरी बरोबर आहे. पण काळ्या मातीत ते पाइप हलतात, पावसाळ्यात आत पाणी सुटतं, बुरशी येते, वर्षभरात वास येतो, आणि पाइपच्या तोंडाशी साप-उंदीर-वटवाघूळ यापैकी कोणीतरी संसार मांडतं. कूलर एवढा सोपा असताना खड्डा कशाला खणायचा?

कार्बनवर येतो. तीन आकडे पाठ करून ठेवा, बाकी सगळं त्यातून निघतं. ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. साध्या, राख न मिसळलेल्या ओपीसी सिमेंटची ५० किलोची एक गोणी म्हणजे ४० ते ४५ किलो. आणि आपल्या देशातलं एक टन लोखंड म्हणजे दोन-अडीच टन. म्हणजे एक गोणी सिमेंट ही साठ युनिट विजेच्या बरोबरीची, एक टन सळई तीन हजार युनिटच्या वर. तुमच्या छोट्या केंद्राची दिवसाची वीज ४०-५० युनिट, म्हणजे रोजच्या विजेत एक गोणीसुद्धा नाही. आता मोजा की तुमच्या प्लॅनमधली दुमजली आरसीसी फ्रेम, रॅम्प आणि तो वाघाच्या पंज्याच्या आकाराचा स्लॅब यात किती गोणी जातील. म्हणून म्हटलं की आधी क्षेत्रफळ कमी करा. वापरातली वीज पुढे सोलरने भरून निघते, ओतलेलं सिमेंट परत काढता येत नाही.

पाया ही पहिली गळती. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, तिच्यावर इमारत ठेवायची तर खोल पाया किंवा अंडर-रीम पाइल (तळाशी फुगवटा असलेले जमिनीतले खांब), सिमेंट आणि लोखंड दोन्ही ढिगाने. त्यामुळे जागा ठरवायच्या आधी चार-पाच ठिकाणी चाचणी खड्डे घ्या आणि मुरूम वर कुठे आलाय ते पाहा. गेटपासून दीडशे मीटर लांब पण मुरमावर, अशी जागा मिळाली तर तीच घ्या, लोक चालतील. आणि जुनी विश्रामगृहाची किंवा चौकीची इमारत उभी असेल तर तिलाच ओसरी जोडा, बांधलेल्या भिंतीचा कार्बन खर्च होऊन गेलाय.

भिंती मुरमाच्या दाबविटांच्या करा, खड्ड्यातून निघालेलाच मुरूम वापरून. काळी माती चालत नाही, ती सुकली की तडकते. माती चालेल की नाही हे लॅबला पाठवायच्या आधी तिथेच कळतं: काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून ठेवून द्या. रेती मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ तासाभरात, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत वर तरंगत राहते. थर मोजा, चिकणमाती थोडी आणि रेती भरपूर दिसली तर काम होतं, नाहीतर कन्हान-वैनगंगेच्या रेतीपेक्षा क्रशरची चुरी मिसळा. सहा-आठ टक्के सिमेंट पुरतं, विटा भाजायच्या नाहीत, सावलीत तीन आठवडे पाणी मारायचं. तो पाणी मारायचा भाग ठेकेदार खातो, पहिल्या आठवड्यात जाऊन विटेला नखाने खरवडून पाहा, भुगा पडला तर समजून जा. पश्चिमेची भिंत काळ्या दगडाची, दीड फुटाची, दुपारच्या उन्हाची धग आत झिरपायला रात्र होते आणि तेव्हा आत कोणीच नसतं. जिथे सिमेंट लागतंच तिथे पीपीसी घ्या, राखेचं. आपल्या कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख शेजारीच पडून आहे, राखेच्या विटाही मिळतात. चुनखडी आणि भाजलेल्या मातीच्या एलसी-३ सिमेंटला २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे मानक मिळालंय, तुमच्या डीलरकडे मिळालं तर नक्की घ्या.

कोणी म्हणेल मातीचं बांधकाम टिकत नाही, तर त्याला सेवाग्रामला घेऊन जा. बापू कुटी मातीच्या भिंती, लाकूड, बांबू, कवेलू (मातीची कौलं) यांचीच आहे, गांधीजी १९३६ ला सेवाग्रामला राहायला आले त्या काळातली, अजून उभी आहे, आणि मेमध्ये दुपारी आत बसून पाहा. फक्त हेही पाहा की तिची निगा दर वर्षी राखली जाते. निगा नाही तर माती नाही, हे साहेबांना आधीच सांगून ठेवा.

छपरावर थोडं थांबतो, कारण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन तिथेच पडतं. माझी पसंती कवेलू, पण नुसतं कवेलू नाही. जंगलाच्या कडेला वानरांची टोळी आली की कवेलूवर उड्या पडतात, दहा-वीस फुटतात, पावसाळ्यात आत धार लागते, आणि मग पुढच्या वर्षी कोणीतरी वर निळा टिनपत्रा ठोकतो. म्हणून खाली पाणी अडवणारा थर, बांबूच्या चटईचे नालीदार पत्रे किंवा साधा प्रोफाइल पत्रा, त्यावर पट्ट्या मारून चार-सहा इंच हवेची फट, आणि वर कवेलू. कवेलू आता ऊन खातं, फटीतून गरम हवा वरच्या मोकळ्या कण्याकडे निघून जाते, फुटलं तरी गळत नाही. फटीच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी विसरू नका, नाहीतर खारी आणि मधमाश्या.

सांगाडा बांबूचा की सागवानाचा की लोखंडाचा? आपण भाग्यवान आहोत, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीचा भरीव मानवेल बांबू हाताशी आहे, आणि सागवान तर दिल्लीच्या नव्या संसद भवनाला आपल्याकडून गेलं. २०१७ पासून जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिला नाही, त्यामुळे वाहतुकीची कटकट कमी झाली. पण कच्चा बांबू लावू नका हो, भुंगा दोन वर्षांत पीठ करून टाकतो. तीन वर्षांच्या वर वय झालेला, थंडीत तोडलेला, बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला पाहिजे, जमिनीपासून दीड फूट वर दगडावर ठेवलेला आणि छपराच्या पाखाखाली, पावसाचा थेंब न लागणारा. बांबू डिझाइनचं आयएस १५९१२ आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअर कुरकुरला तर ते समोर ठेवा. आणि आग. चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन केंद्राच्या इमारतीला २०२१ च्या फेब्रुवारीत मोठी आग लागली होती, हे आपल्या धंद्यातल्या कोणीच विसरू नये. आपल्याकडे १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात आणि तेव्हाच गेटवर गर्दी असते. म्हणून इलेक्ट्रिक पॅनल, इन्व्हर्टर, बॅटरी वेगळ्या दगडी खोलीत, बांबूवरून उघडी वायर एकही नाही, इमारतीभोवती जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी), आणि वाळलेलं गवत उन्हाळ्याआधी कापलेलं. लांब गाळ्याला थोडं लोखंड वापरावंच लागलं तर वापरा, नट-बोल्टचं करा म्हणजे उद्या उघडून दुसरीकडे नेता येईल.

आता कुठे सोलर. कूलर, पंखे, दिवे, प्रोजेक्टर, पंप, एक एसी धरून मेमधले ४०-५० युनिट. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे १०-१२ किलोवॅटमध्ये भागलं, २५ लागतच नाही. पॅनल तापला की कमी देतो, प्रत्येक अंशाला ०.३७ टक्क्याच्या आसपास, आणि मेमध्ये पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापतो, म्हणून छपराला चिकटवून लावू नका. मी तर छपरावर लावूच नका म्हणेन, पार्किंगवर शेड करून लावा, गाड्यांना सावली मिळते, खालून हवा खेळते, धूळ पुसायला पोरगा शिडी न लावता पोचतो. सावली पडते म्हणून एकही झाड तोडायचं नाही, जागा बदला. महावितरणचं नेट मीटरिंग घेतलं तर पावसाळ्यात गेट बंद असताना बनलेली वीजही ग्रिडला जाते. बॅटरी लहानच ठेवा, पहाटेच्या तिकीट काउंटरपुरती.

रात्रीच्या दिव्यांबद्दल तुमच्या प्लॅनमध्ये काहीच नाही, उलट "फसाड लाइटिंग", म्हणजे इमारतीच्या दर्शनी भागावर दिवे, असं लिहिलंय. ते काढा. आपलं पेंच २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं जंगल, झालं, वाघोलीकडे जाऊन आकाश पाहायला लोक पैसे देऊन येतात. गेटवरचे दिवे खाली तोंड केलेले, झाकलेले, ३००० केल्विनच्या आत (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), जमल्यास २२०० चे पिवळसर, माणूस आला की लागणारे. गेट सहा-सातला बंद होतं, रात्री तिथे चौकीदार सोडून कोणालाच उजेड नको.

टॉयलेटला सगळ्यात जास्त पाणी जातं आणि सगळ्यात कमी विचार. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे, त्यांची फायटोरिड पद्धत विजेशिवाय चालते, सेप्टिक टँकनंतर गिट्टीचा थर आणि त्यावर कर्दळीसारखी झाडं, पाणी त्यातून झिरपत साफ होतं. ते पाणी परत फ्लशला. पंधरवडाभर गर्दी नसली तरी झाडं तग धरतात, मशीनवाला एसटीपी (सांडपाणी साफ करायचा प्लांट) मात्र बंद ठेवला की सडतो.

आणि एक हिशोब जो नेट झिरोच्या बोर्डावर कधीच येत नाही. पेंचचं सिल्लारी गेट नागपूरहून साधारण ७० किलोमीटर, तुमचंही तेवढंच धरू. जाऊन-येऊन १४०, गाडीचे किलोमीटरला १३० ग्रॅम धरले तर एका गाडीचे १८ किलो. दिवसाला ८० गाड्या आल्या तर जवळपास दीड टन. तुमच्या इमारतीची पूर्ण ग्रिडची वीज धरली तरी दिवसाचे ३०-३५ किलो. म्हणजे इमारतीतल्या विजेच्या चाळीसपट कार्बन पार्किंगमध्ये उभा आहे! नागपूरच्या सीताबर्डीहून पहाटे आणि दुपारी सफारीच्या वेळेशी जुळणारी एक-एक बस सुरू करायला लावा, तिकिटासोबत सीट बुक करता आली पाहिजे, आणि पार्किंगचा दर वाढवून बसचं भाडं कमी ठेवा. बसच्या प्रवाशांसाठी ओसरीत सामान ठेवायची कपाटं आणि अंघोळीची एक खोली द्या, नाहीतर कुटुंब घेऊन कोणी बसने येणार नाही. साहेब म्हणतील हे आर्किटेक्टचं काम नाही, म्हणू द्या, बसचा थांबा प्लॅनमध्ये काढून ठेवा, जागा असली की बस येते.

कागदपत्रांचं पटकन. इमारतींची ऊर्जा बचत संहिता १०० किलोवॅट जोडभाराच्या वरच्या इमारतींना लागते, तुमची त्यात बसत नाही, तरी छपराच्या आणि काचेच्या मर्यादा तिथून उचला. हरित इमारतीचं रेटिंग घ्यायचंच असेल तर लहान इमारतींसाठी 'गृह' या रेटिंगमधलं स्वगृह आहे, २५०० चौरस मीटरच्या आतलं. खरी अडचण टेंडरमध्ये येते, सरकारी दरसूचीत आरसीसी आणि प्लास्टरचे दर तयार असतात, मुरमाच्या विटेचा किंवा मुरवलेल्या बांबूचा दर नसतो, मग इंजिनिअर म्हणतो "आयटम नाही, आरसीसी करा." त्याच्यावर चिडू नका, त्याला तीन कोटेशनसकट रेट ॲनालिसिस तयार करून द्या, विटांच्या चाचणीचा रिपोर्ट जोडा, बांबू मुरवल्याचा दाखला मागायची अट टाका. सगळ्यात कमी बोली लावणारा ठेकेदार सिव्हिलवाला असतो, त्याला बांबू कळत नाही, म्हणून सांगाड्याचं आणि कवेलूचं पॅकेज वेगळं काढा आणि त्यात गावातले मिस्त्री, बुरूड कारागीर घ्यायची सोय ठेवा.

देखभालीचे पैसे त्याच टेंडरमध्ये तीन वर्षांचे बांधून घ्या, नंतर कोणी देत नाही. फेब्रुवारीत पॅड बदलणे, ऑक्टोबरात बांबूला तेल, पावसाआधी कवेलू फेरणे, महिन्यातून दोनदा पॅनल पुसणे, एवढंच आहे, आणि हे काम गावच्या परिस्थितिकीय विकास समितीच्या पोरांना द्या, ठेकेदाराच्या माणसाला नागपूरहून यायला चार दिवस लागतात. विजेचे मीटर तीन लावा, हॉल, ऑफिस आणि पंप वेगवेगळे, आणि रोजचे आकडे तिकीट खिडकीतल्या त्याच रजिस्टरमध्ये गाड्यांच्या शेजारी लिहायला सांगा. प्लॅन सुधारून झाला की पाठवा, पश्चिमेची भिंत आधी पाहीन.